शिक्षणाचं बजेट एवढं मोठं, तरी शाळेच्या हातात पैसा का नसतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहात, पट ४८, शिक्षक दोन, एका खोलीचं छत गळतंय, लाइटबिल थकलं म्हणून कनेक्शन कापलंय आणि मुख्याध्यापकांना विचारलं की ते म्हणतात निधीच नाही. मग तुम्ही पेपरात शालेय शिक्षणाच्या तरतुदीचा आकडा वाचलात, त्याला राज्यातल्या मुलांच्या संख्येनं भागलंत, आलेल्या उत्तराला ४८ ने गुणलंत आणि विचारताय की एवढे लाख आमच्या शाळेच्या वाट्याचे, तर मधे कोण खातं?

खाणारे कुठेच नसतात असं मी म्हणणार नाही. पण माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात लेखा बाजूला झाली, त्यातला बराच काळ शिक्षणाची बिलं आणि अनुदान निर्धारणाच्या फायली टेबलावर होत्या, त्यामुळे एक सांगू शकतो की तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर चोरी हे नाहीये. तुमचा भागाकार बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. राज्याचं शिक्षणाचं बजेट मुलांच्या डोक्यावर वाटलं जात नाही, ते मंजूर पदांवर वाटलं जातं. तुमच्या शाळेच्या वाट्याचा बहुतेक पैसा शाळेत येतोच, रोज सकाळी, दोन शिक्षकांच्या रूपात. शाळेच्या खात्यावर जो येतो तो त्या मानाने अगदी किरकोळ असतो आणि तो वेगळ्याच रस्त्याने येतो.

हे आकड्यात बघा म्हणजे पटकन कळेल. समजा दोन्ही शिक्षकांचा मिळून महिन्याचा पगार दीड लाख धरला (सिनिऑरिटीप्रमाणे कमीजास्त असेल, मी फक्त हिशोबासाठी धरतोय) तर वर्षाचे झाले १८ लाख, ४८ मुलांवर भागले तर मुलामागे साडेसदतीस हजार. आता शाळेच्या हातात खर्चायला काय येतं? समग्र शिक्षा ह्या केंद्राच्या योजनेमधून संयुक्त शाळा अनुदान. त्याचे टप्पे पटावर ठरतात, ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्याच्या वर १ लाख. म्हणजे तुम्हाला वर्षाला २५,०००, मुलामागे ५२० रुपये, आणि त्यातले १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, लाइटबिल, नळाची तोटी, किरकोळ दुरुस्ती सगळं ह्यातच. मुख्याध्यापक निधी नाही म्हणतात ते ह्या अर्थाने, खोटं बोलत नाहीयेत बिचारे.

आता हे असं का होतं ते समजायला बजेट बनतं कसं ते बघावं लागेल. लोकांना वाटतं अर्थमंत्री मार्चमध्ये बसून ठरवतात की यंदा शिक्षणाला एवढे, आरोग्याला एवढे. प्रत्यक्षात खालून वर अंदाज जातात आणि त्यातला मोठा भाग आधीच ठरलेला असतो. आधी योजनांतर्गत आणि योजनेतर असे दोन भाग होते, २०१७-१८ पासून ते गेले, आता राज्यात अनिवार्य खर्च आणि कार्यक्रम खर्च असं म्हणतात. अनिवार्य म्हणजे पगार, पेन्शन, व्याज ही टाळता न येणारी देणी. शालेय शिक्षण विभागाचा अनिवार्य भाग फार मोठा आहे कारण तो जवळजवळ सगळा पगाराचा आहे. त्याचा अंदाज कसा काढतात? भरलेली पदं किती, मूळ वेतन किती, जुलैची वेतनवाढ, महागाई भत्ता अंदाजे किती वाढेल, रिटायर किती होणार, झाला आकडा. ह्यात कुठेही असा प्रश्न येत नाही की ह्या शाळेतल्या मुलांची गरज काय आहे.

कागदावर बघायचं असेल तर विभागाची मागणी ई-२, मुख्य लेखाशीर्ष (म्हणजे बजेटमधला खर्चाच्या बाबीचा क्रमांक) २२०२ सामान्य शिक्षण, त्यात ०१ प्राथमिक आणि ०२ माध्यमिक. शेवटी उद्दिष्ट शीर्ष येतं, तिथे ३६ म्हणजे सहायक अनुदाने वेतन आणि ३१ म्हणजे सहायक अनुदाने वेतनेतर. बजेटची पुस्तकं शासनाच्या वेबसाइटवर असतात, २२०२ उघडा आणि प्राथमिकमध्ये ३६ समोरचे आकडे आणि ३१ समोरचे आकडे शेजारी ठेवून बघा, मी इथे कितीही लिहिलं तरी तेवढं स्पष्ट होणार नाही. आणि हो, सगळं शिक्षण ह्या एका विभागात नसतं. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, वसतिगृहं नि शिष्यवृत्त्या इतर दोन-तीन विभागांकडे, त्यामुळे राज्य शिक्षणावर अमुक खर्च करतं असं कोणी छातीठोक सांगितलं की मी आधी विचारतो कोणकोणती लेखाशीर्षं धरली.

मग पदं कुठून ठरतात, तर संच मान्यता. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं आहे. राज्य त्यावर स्वतःचे शासन निर्णय काढतं, आधीचा ऑगस्ट २०१५ चा होता, नंतर १५ मार्च २०२४ चा आला, आणि छोट्या शाळांना त्याचा फटका बसतो म्हणून त्यावर केवढं रान उठलं ते तुम्ही ऐकलं असेलच. म्हणून तुमच्या शाळेचं पुढच्या वर्षी काय होईल हे मी सांगू शकत नाही, ते त्या वर्षीच्या निकषावर आणि आधार जुळलेल्या पटावर अवलंबून. पण बजेटच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सगळा खेळ टप्प्यांचा आहे. ५८ मुलं असली तरी दोन शिक्षक आणि तुमच्या ४८ ला पण दोनच. म्हणजे मुलामागे खर्च ५८ वाल्या शाळेत एकतीस हजार, तुमच्याकडे साडेसदतीस, आणि हे कोणी बसून ठरवलेलं नाही, आपोआप घडतं. शेजारच्या गावातल्या ५८ मुलांच्या शाळेत नुकतेच लागलेले दोन शिक्षक असतील आणि तुमच्याकडे रिटायरमेंटला आलेले दोघं, तर सरकार तुमच्या शाळेवर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतंय, तरी छत तुमचंच गळतंय. ह्या गोष्टीचा विचार केला की मुलामागे खर्चाच्या सरासरीवर वर्तमानपत्रात जे लेख येतात ते वाचवत नाहीत.

बरं, मार्चमध्ये विधिमंडळाने बजेट मंजूर केलं म्हणजे पैसे आले असं नसतं. तरतूद आणि वितरण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सामान्य माणसाचा सगळा गोंधळ इथे होतो. मंजूर तरतूद वित्त विभाग बीम्स नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर थोडी थोडी सोडतो, कुठल्या बाबीवर किती टक्क्यांपर्यंत खर्च करायचा त्याची परिपत्रकं निघतात. सगळ्यात टोकाचं उदाहरण कोविडचं, ४ मे २०२० ला शासन निर्णय निघाला की त्या वर्षी कार्यक्रम खर्चाचा ३३ टक्केच निधी मिळेल. तसं संकट नसलं तरी पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री कार्यक्रम खर्चावर बसते, पगारावर नाही. पगार थांबला तर दुसऱ्या दिवशी मोर्चा येतो, वर्गखोली थांबली तर कोणी येत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे आणि त्यात शिक्षकांचा काही दोष नाही. पगाराला कमी पडलं तर पुरवणी मागण्या असतात, पावसाळी अधिवेशनात आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. त्यासाठी आम्ही खालून चारमाही, आठमाही सुधारित अंदाज पाठवत बसायचो, म्हणजे एप्रिलपासून एवढे गेले, मार्चपर्यंत अजून एवढे लागतील. ते अंदाज ढिसाळ गेले की फेब्रुवारीचा पगार लांबतो, नाहीतर फरकाची आणि मेडिकलची बिलं पुढच्या वर्षात ढकलली जातात.

पगाराचा रस्ता सरळ आहे. मंत्रालय, तिथून पुण्याला शिक्षण संचालक, तिथून जिल्हा परिषद, शालार्थ ह्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर बिल, कोषागार, शिक्षकाचं खातं. शाळेचा ह्यात संबंध फक्त माहिती देण्यापुरता. खासगी अनुदानित शाळांचं जिल्ह्यातल्या वेतन पथकातून होतं. तिथे अजून एक वेगळं प्रकरण आहे, काही शाळांना कधीच अनुदान मागायचं नाही ह्या अटीवर परवानगी होती, त्यांना कायम विनाअनुदानित म्हणत, २००९ मध्ये त्यातला कायम हा शब्द काढला आणि मग २०, ४०, ६०, ८० टक्के असे अनुदानाचे टप्पे सुरू झाले, आझाद मैदानावर जे शिक्षक बसलेले दिसतात ते बऱ्याचदा ह्याच टप्प्यांसाठी. तुमचा प्रश्न त्या शाळांबद्दल नाही म्हणून खोलात जात नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की एक टप्पा वाढवला की तो कायमचा अनिवार्य खर्चात जाऊन बसतो, म्हणून वित्त विभाग त्याला इतका घाबरतो.

आता समग्र शिक्षा. ही २०१८ ला सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण एकत्र करून झालेली केंद्राची योजना, आपल्यासारख्या राज्यांना केंद्र ६० टक्के राज्य ४० टक्के. राज्यात ही महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद चालवते. जिल्ह्याचे आराखडे मिळून राज्याचा वार्षिक आराखडा होतो, तो दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळासमोर जातो, तिथे प्रत्येक बाबीवर चर्चा होऊन काटछाट होते, मग केंद्राचा हप्ता, मग राज्याचा हिस्सा, आणि आधीच्या पैशाचा खर्च आणि तो ठरल्या कामालाच झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र नसेल तर पुढचा हप्ता अडतो. ह्या सगळ्यात शाळेपर्यंत अनुदान पोचायला दिवाळी उलटते, कधी फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मग मुख्याध्यापकाला आठ-दहा दिवसांत सगळं खर्च करा असा निरोप येतो आणि तो बिचारा जे पटकन मिळेल ते घेतो. तुम्ही मार्चमध्ये शाळेत चार भिंतीवरचे तक्ते आलेले बघितले असतील तर त्याचं कारण हे.

२०२१ पासून ह्यात अजून एक बदल झाला, एकल नोडल एजन्सी. आधी पैसे शाळेच्या बँक खात्यात येऊन पडायचे, आता राज्याचं एकच खातं आणि शाळेला शून्य शिल्लक खात्यावर लिमिट मिळतं, पीएफएमएस ह्या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवरून तेवढ्या मर्यादेत पैसे काढायचे. हिशोबाच्या दृष्टीने हे चांगलं आहे, आधी हजारो खात्यांत पैसे पडून असायचे. पण तोटा असा की लिमिट वापरलं नाही तर ते वरच परत जातं आणि पासबुकात काहीच दिसत नाही, त्यामुळे समितीला वाटतं काही आलंच नव्हतं. म्हणून मुख्याध्यापकांना पासबुक मागू नका, ह्या वर्षी आणि मागच्या वर्षी लिमिट किती आलं होतं, कधी आलं आणि किती वापरलं ते विचारा.

छताचा पैसा ह्या दोन्ही रस्त्यांनी बहुधा येणार नाही, तिसरा रस्ता आहे, जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती तिचा आराखडा करते, त्यात प्राथमिक शाळांच्या नवीन वर्गखोल्या आणि विशेष दुरुस्ती अशी लेखाशीर्षं असतात. जिल्हा परिषदेला तो पैसा खर्च करायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत मिळते. शाळांची यादी शिक्षण विभाग करतो, अंदाजपत्रक बांधकामवाले करतात, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. इमारत पाडायच्या लायकीची असेल तर आधी निर्लेखनाचा (म्हणजे ती इमारत कागदोपत्री बाद करून पाडण्याचा) प्रस्ताव, तो मंजूर झाल्याशिवाय नवीन खोली मिळत नाही, आणि कित्येक गावं ह्या निर्लेखनाच्याच कागदात अडकलेली मी बघितलीत. यादीत कोणती शाळा वर जाते ह्यात राजकारण असतं का? असतं. गावातला जिल्हा परिषद सदस्य जोरात असेल तर नंबर लवकर लागतो. पण ज्या शाळेचा परिपूर्ण प्रस्ताव अंदाजपत्रकासह तयार असतो तिचं नाव वर्षअखेरीला निधी शिल्लक राहिला की घेतलं जातं, हेही तितकंच खरं. दरवर्षी मार्चच्या आधी आमच्याकडे विचारणा व्हायची की पैसे आहेत, तयार कामं कोणती, आणि तयार कामं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी असायची.

ह्याशिवाय जिल्हा परिषदेचा सेस फंड, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा निधी आहे, आणि इथे जिल्ह्या-जिल्ह्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुद्रांक शुल्कातला हिस्सा जमिनीच्या व्यवहारांवर अवलंबून, त्यामुळे पुण्यासारख्या जिल्हा परिषदेची ऐपत वेगळी आणि गडचिरोलीची वेगळी. तुम्ही जिल्हा लिहिला नाहीये म्हणून सेसमधून तुम्हाला कितपत मिळेल ते मी नाही सांगू शकत. शाळा महापालिकेची असती तर उत्तर अजून वेगळं असतं, तिथे महापालिकेचं स्वतःचं शिक्षणाचं बजेट असतं.

लाइट, पाणी, संडास ह्यासाठी ग्रामपंचायतीकडे जा. ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ पासूनच्या काळात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आणि ४० टक्के अबंधित होता, शाळेचं पाणी-संडास पहिल्यात बसतं, बाकीचं दुसऱ्यात बसवता येतं, अट एवढीच की काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पाहिजे. आराखडा ग्रामसभेत होतो आणि शाळा समितीचं कोणी त्या ग्रामसभेला नसतं. थकलेलं बिल भरायला सरपंच तयार असतील तर ठराव करून घ्या, नसतील तर संयुक्त अनुदानातून हप्त्याने भरता येतं का ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा.

पोषण आहाराचा पैसा पूर्ण वेगळा, त्याला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तांदूळ केंद्राकडून येतो, शिजवण्याचा खर्च ६०:४०, आणि त्याचं ऑडिट कडक असतं. गणवेशाचंही तसंच, मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये त्याच कामाला.

मला विचाराल तर ही पद्धत बरोबर आहे का, तर अर्धी. पदावर आधारित वाटपाचा फायदा हा की दुर्गम पाड्यावरच्या १५ मुलांनासुद्धा शिक्षक मिळतो. निव्वळ पटावर पैसे वाटले असते तर त्या शाळा कधीच बंद पडल्या असत्या, त्यामुळे जे लोक म्हणतात की मुलामागे रक्कम ठरवा आणि द्या वाटून त्यांच्याशी मी सहमत नाही. पण वेतनेतर भाग इतका लहान ठेवणं आणि तोही पटाच्या टप्प्यावर देणं हे मला पटत नाही. छताला पट कळत नाही. २० मुलांच्या शाळेलाही मीटरचा स्थिर आकार भरावाच लागतो, तिथे १०,००० आणि तुम्हाला २५,०००, ह्यात लहान शाळेवर अन्याय आहे. इमारत किती जुनी, खोल्या किती, पाऊस किती, ह्यावर देखभालीची रक्कम ठरायला पाहिजे होती.

थोडक्यात, पगार राज्याच्या २२०२ मधून पदावर, किरकोळ खर्च समग्र शिक्षातून पटावर, इमारत जिल्हा वार्षिक योजनेतून प्रस्तावावर, पाणी-लाइट ग्रामपंचायतीतून ठरावावर. चार वेगळी ऑफिसं आहेत आणि एकाकडे दुसऱ्याचा पैसा मागितला की नाही हेच उत्तर मिळतं.

तुम्ही आत्ता काय करायचं तर आधी शाळेची यू-डायस प्लसची, म्हणजे शाळेची माहिती दरवर्षी सरकारी प्रणालीवर भरतात तिची प्रत घ्या मुख्याध्यापकांकडून. त्यात प्रत्येक खोली चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती अशी नोंदवलेली असते. बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीचं तसंच पुढे ओढलेलं असतं आणि गळकी खोली कागदावर चांगली असते, मग वरच्या कुठल्याच यादीत ती येत नाही. ती नोंद चुकीची असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. मग समितीचा ठराव, फोटो, आणि तो जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत उपअभियंत्यांना अंदाजपत्रक करण्यासाठी पत्र, प्रत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना, पोच घ्यायला विसरू नका. हे दिवाळीच्या आधी झालं तर पुढच्या वर्षीच्या आराखड्याच्या यादीत नाव जायला वेळ मिळतो, जानेवारीत गेलात तर मार्चअखेरच्या शिल्लक निधीवर नशीब. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात एवढंच मागा, चालू वर्षाची आणि मागच्या वर्षीची तालुक्यातली शाळा दुरुस्तीची मंजूर यादी, आणि त्यासाठी आलेल्या प्रस्तावांची यादी. दुसऱ्या यादीत तुमची शाळा नसेल तर प्रस्ताव गेलाच नव्हता, असेल आणि पहिलीत नसेल तर ती घेऊन सदस्यांकडे जा. जिल्हा आणि इमारत किती साली बांधलेली आहे ते इथे खाली लिहिलंत तर निर्लेखन लागेल की दुरुस्तीवर भागेल ते बघून सांगतो.